नवा ट्रक ड्रायव्हर: अनुभव कसा जमवायचा आणि त्याचे पैसे कसे ठरवायचे

दर वर्षी मे महिन्यात हेच बघतो. लायसन्स हातात पडलं की आठवड्याभरात पोरगा आंब्याच्या गाडीवर बसतो, रात्र रात्र जागून वाशीचं मार्केट गाठतो, लागेल तशी उचल (पगारातून आगाऊ पैसे) घेतो. जूनमध्ये हिशोबाला बसतो तेव्हा उलटे त्याच्याच अंगावर पैसे निघतात. गाडी त्याला येत नव्हती असं नाही. त्याचा क्रम चुकला. पगार ठरवायच्या आधी तो गाडीवर बसला, आणि केलेल्या कामाचा एक कागद त्याने जपला नाही.

पंधरा वर्षं मी मुंबई–गोवा रस्त्यावर गाडी चालवली. आता ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसून गाड्या लावतो, त्यामुळे ड्रायव्हर काय बोलतो आणि मालक काय बोलतो ते दोन्ही रोज कानावर येतं. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. मधला टप्पा गाळलात तर त्याचे पैसे पुढे कुठेतरी भरावे लागतात.

## टप्पा १: सगळ्यात आधी वही

लायसन्सच्याही आधी एक जाड पुठ्ठ्याची २०० पानी वही आणा. मोबाइलमध्ये लिहिलेलं फोनबरोबर जातं, वही घरी राहते. प्रत्येक फेरीला एक ओळ: तारीख, गाडीचा नंबर, कुठून कुठे, काय माल, निघायची आणि पोचायची वेळ, सुरुवातीचे आणि शेवटचे किलोमीटर, डिझेल, रस्त्यातला खर्च, घेतलेली उचल. शेवटचा रकाना "कुठे थांबलो आणि का" असा ठेवा. माझ्या मते सगळ्यात किमती रकाना हाच, कारण पगाराचं भांडण नेहमी थांबलेल्या वेळेवरून होतं.

मला हे उशिरा कळलं. माझ्या पहिल्या आंबा हंगामात मालकाने एका ट्रिपला चार पेट्या कमी निघाल्याचे पैसे कापले. पेट्या भरताना मी मोजल्या नव्हत्या आणि कुठे लिहिलंही नव्हतं, म्हणून गप्प बसलो. दुसऱ्या हंगामात तोच प्रकार झाला तेव्हा वही उघडली. पेट्या किती, कोणासमोर मोजल्या, किती वाजता, सगळं त्यात होतं. कापलेले पैसे त्याच दिवशी परत मिळाले.

## टप्पा २: लायसन्सचा क्रम

वयाची १८ वर्षं पूर्ण झाली की हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स काढा. ट्रकचं शिकाऊ लायसन्स मिळायला हे हलकं लायसन्स येऊन किमान १ वर्ष झालेलं लागतं आणि वय २० पूर्ण लागतं. म्हणून १९ पूर्ण व्हायच्या आत हलकं लायसन्स हातात आलं नाही तर पुढचं सगळं तेवढंच मागे जातं.

अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर होतो. रायगडवाल्यांनी पेण किंवा पनवेल, रत्नागिरीवाल्यांनी रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांनी ओरोसचं कार्यालय धरायचं. ट्रकसाठी डॉक्टरचा दाखला फॉर्म १-अ मध्ये आणि ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला फॉर्म ५ मध्ये लागतो. शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं आणि ३० दिवस झाल्यावर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली आहे. त्या अटीच्या नावाने कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.

१८ ते २० या दोन वर्षांत घरची, चुलत्याची, शेजाऱ्याची कार चालवून हात बसवा. रिव्हर्स आरशात बघून घ्यायची सवय याच वयात लागते.

नेहमीची चूक: फॉर्म ५ फक्त विकत आणणं. स्कूलच्या ट्रकवर बसलेले तास हे तुमचे एकमेव तास असतात जिथे चूक झाली तर दुसरा ब्रेक दाबायला शेजारी माणूस असतो. तेवढे पूर्ण वापरा.

दुसरी चूक: कोणत्या लायसन्सवर कोणती गाडी चालते हे न बघणं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. हा आकडा गाडी आणि माल मिळून पासिंगच्या (आरटीओने मंजूर केलेल्या) एकूण वजनाचा आहे आणि तो आरसीवर (गाडीच्या नोंदणी दाखल्यावर) लिहिलेला असतो. छोटा हत्ती (टाटा एस) आणि पिकअप त्यात बसतात. मोठा सहाचाकी ट्रक बसत नाही. "चालतंय रे, कोण बघतो" असं म्हणणारा मालक अपघातानंतर विमा कंपनीने हात वर केले की तुमच्याकडे बोट दाखवतो.

ट्रकचं लायसन्स ५ वर्षांचं असतं. संपायच्या आधी एक वर्षापासून नूतनीकरण करता येतं. ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

## टप्पा ३: क्लीनर म्हणून एक पावसाळा

हा टप्पा गाळायची सगळ्यांना घाई. लायसन्स असताना क्लीनर (ड्रायव्हरचा मदतनीस) म्हणून जायला पोरांना कमीपणा वाटतो. पण सहाचाकीवर एकटं बसायच्या आधी किमान चार महिने क्लीनर म्हणून काढा आणि त्यात जुलै आलाच पाहिजे. भर पावसात गाडी कशी वागते हे उन्हाळ्यात कोणी शिकवू शकत नाही.

पहिला महिना गाडीच्या खाली आणि बाजूला घाला. सकाळी निघायच्या आधी टायर ठोकून आवाज ऐकायचा, मागच्या जोडटायरांच्या मध्ये दगड अडकलाय का बघायचं, इंजिन ऑइल, पाणी, बेल्ट, सगळे दिवे तपासायचे. हवेच्या ब्रेकची गाडी असेल तर हवेच्या टाकीतलं पाणी रोज काढायचं आणि काट्यावर दाब पूर्ण भरेपर्यंत गाडी हलू द्यायची नाही. चढावर गाडी थांबली की चाकामागे लाकडी ठोकळा लावायचं काम तुमचं. ठोकळा लावताना अंग चाकाच्या रेषेत ठेवू नका, बाजूने लावा.

दुसरा महिना मालावर. जड माल खाली आणि पुढे, वजन दोन्ही बाजूंना सारखं, ताडपत्री वाऱ्याच्या दिशेने दुमडलेली, दोरी दर दीडशे किलोमीटरवर पुन्हा ताणलेली. आंब्याच्या पेट्या हौद्याच्या फळीच्या वर चढवल्या की वळणावर गाडी झुलते. तो झोल क्लीनरच्या सीटवर बसून पोटात जाणवला पाहिजे. मासळीच्या गाडीतून बर्फाचं पाणी रस्त्यावर गळतं आणि मागून येणारा दुचाकीवाला घसरतो, म्हणून पाणी साठवायची टाकी आणि तिचा नळ रोज बघायचा.

तिसरा महिना कागदांवर. आरसी, फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी ही गाडीची कागदं. मालाची बिल्टी (ट्रान्सपोर्टची माल भरल्याची पावती), बिल आणि ई-वे बिल (माल नेण्याचं जीएसटीचं ऑनलाइन बिल) वेगळं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर आणि राज्याबाहेर ५० हजारांच्या वर माल असेल तर ई-वे बिल लागतं, आणि त्याची मुदत साधारण दर २०० किलोमीटरला एक दिवस. ताजा आंबा आणि ताजी मासळी करमुक्त असल्याने त्यांना ई-वे बिल लागत नाही, पण बिल किंवा चलन तरी बरोबर हवंच. गोव्याच्या हद्दीवर मुदत संपलेलं ई-वे बिल सापडलं तर गाडी तिथेच उभी राहते आणि दिवस ड्रायव्हरचा जातो.

उरलेला वेळ उस्तादाच्या, म्हणजे मुख्य ड्रायव्हरच्या, पायांकडे बघा. कुठल्या वळणाआधी त्याने गिअर उतरवला, ब्रेकला पाय किती वेळ लावला, हे वहीत लिहून ठेवा.

सावधान: रात्री उस्ताद दमला म्हणून "घे जरा स्टिअरिंग" म्हणतो. त्या वर्गाचं लायसन्स तुमच्याकडे नसेल तर स्पष्ट नाही म्हणा. गाडी बाजूला लावून दोघंही झोपा.

तपासणी: क्लीनरचाही पगार आधी ठरवा. "शिकतोयस ना, मग पगार कसला" हे वाक्य ऐकलंत की दुसरी गाडी बघा. शिकणाऱ्यालाही जेवण लागतं आणि हमालाइतकं काम तो करतोच.

## टप्पा ४: स्वतःच्या हातात छोटी गाडी

आता पिकअप किंवा तसल्याच गाडीवर एकट्याने या. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात किराणा, सिमेंट, भाजी, जे मिळेल ते. हे काम मोठ्या रस्त्यावरच्या कामापेक्षा कठीण आहे आणि म्हणूनच चांगलं आहे. चिपळूणच्या बाजारपेठेत किंवा मालवणच्या गल्लीत पिकअप रिव्हर्स घालणारा माणूस पुढे गोदामाच्या दाराला सहाचाकी नीट लावतो.

माझं माप असं: वहीत शंभर फेऱ्या झाल्या, त्यात किमान वीस रात्रीच्या, आणि शेवटच्या तीस फेऱ्यांत एकही ओरखडा नाही, की पुढे जा. ओरखडा गेला असेल तर तो लिहा, कसा गेला तेही लिहा. लपवलेला ओरखडा मालकाला महिन्याने दिसतो आणि मग मागचे सगळे ओरखडे तुमच्या नावावर जातात.

## टप्पा ५: घाट आणि पाऊस

कोकणातल्या ड्रायव्हरला चांगला पगार मिळायचं खरं कारण घाट आहे. सपाटीवरचा ड्रायव्हर कुंभार्ली घाटात भरलेली गाडी घेऊन उतरायला कचरतो. तुम्हाला ते नीट येत असेल तर ते बोलून दाखवायचं कौशल्य आहे. पण ते खरोखर आलं पाहिजे.

घाट या क्रमाने शिका. आधी रिकामी गाडी दिवसा चढवायची, मग रिकामी उतरवायची, मग भरलेली चढवायची, आणि सगळ्यात शेवटी भरलेली उतरवायची. ही शेवटची पायरी रात्री किंवा पावसात पहिल्यांदा करू नका. मुंबई–गोवा रस्त्यावरच्या परशुराम घाटाच्या वळणांवर सुरुवात करा, मग चिपळूणहून कराडकडे जाणारा कुंभार्ली, रत्नागिरीहून कोल्हापूरकडचा आंबा, पुढे फोंडा, गगनबावड्याकडचे करूळ आणि भुईबावडा, सावंतवाडीवरचा आंबोली.

उतरताना नियम एकच, पण तो माथ्यावर पाळायचा असतो: ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच किंवा त्याच्याही खालच्या गिअरमध्ये उतरायला सुरुवात करा. उताराच्या मध्यावर गिअर उतरवायला गेलात आणि तो बसला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये सुटते. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी धरणारा) असेल तर माथ्यावरच चालू करा. पायाचा ब्रेक हलका दाबून ठेवायचा नाही. वेग वाढला की नीट दाबायचा, वेग उतरला की पूर्ण सोडायचा. सतत टेकलेल्या पायाने चाकातले ब्रेकचे ड्रम तापतात, आणि तापलेला ब्रेक नेमका खालच्या वळणावर दगा देतो.

कधीच नाही: डिझेल वाचवायला न्यूट्रल किंवा इंजिन बंद. इंजिन बंद झालं की हवा भरणं थांबतं, पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि काही वेळा ब्रेक दाबल्यावर हवाच उरत नाही. चांगला अ‍ॅव्हरेज काढला म्हणून मालक बक्षीस देतो, ते या मार्गाने कमवू नका.

ब्रेकचा जळका वास आला की रुंद जागा बघून थांबा, चाकांना ठोकळे लावा, अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो. अरुंद जागी समोरून चढणारी गाडी आली तर पहिला हक्क तिचा. उतरणाऱ्याने थांबायचं.

पावसाचं गणित वेगळं. निघायच्या आधी पाच नद्या विचारा: नागोठण्याची अंबा, महाडची सावित्री, खेडची जगबुडी, चिपळूणची वाशिष्ठी, राजापूरची अर्जुना. त्यात भरतीची वेळही बघा. वरून पाऊस आणि खालून भरती एकत्र आली की वाशिष्ठीचं पाणी उतरत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा बाजारपेठेत कितीतरी गाड्या उभ्या जागी पाण्याखाली गेल्या. पावसाळ्यात चिपळूणला मुक्काम करायचा तर गाडी वरच्या बाजूला लावा. साकवावर किंवा मोरीवर पाणी चढलेलं असेल तर ते घोट्याएवढंच आहे की खालचा रस्ताच वाहून गेलाय हे वरून कळत नाही. उभे राहा आणि वहीत वेळ लिहा.

दरड पडणाऱ्या घाटांबाबत जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश निघतात आणि महाड–भोर रस्त्यावरच्या वरंधसारखा घाट पावसाळ्यात जड गाड्यांना बंद करतात. आदल्या रात्री चौकशी करा. महाडहून परत फिरावं लागलं तर त्या डिझेलचा जाब तुम्हालाच विचारतात.

## टप्पा ६: कोणत्या मालावर जायचं

पहिली सहाचाकी निवडताना माल बघा, गाडीचा रंग आणि साउंड सिस्टिम नको. प्रत्येक मालाचा हंगाम वेगळा आणि त्यावर तुमचे बारा महिने अवलंबून.

आंबा मार्च ते मे. पैसा जोरात, जागरण त्याहून जोरात. मासळी ऑगस्ट ते मे, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. हर्णै, मिरकरवाडा, साखरीनाटे, मालवण, सगळीकडे बर्फाच्या घाईने गाडी पळवायचा दबाव असतो. जांभ्याचा चिरा (बांधकामाचा लाल दगड) पावसात जवळजवळ थांबतो आणि त्यात ओव्हरलोडचा सगळ्यात मोठा धोका आहे. लोटे किंवा महाडच्या एमआयडीसीतला सुका माल, पेण–डोलवीचं लोखंड, जयगड बंदराचं काम, उरणच्या जेएनपीए (जुनं नाव जेएनपीटी) बंदराचे कंटेनर हे बारमाही. नव्या ड्रायव्हरने बारमाही मालाच्या गाडीवर जावं असं माझं ठाम मत आहे. फेरीचा पैसा थोडा कमी दिसेल, पण वही जूनमध्ये रिकामी राहणार नाही.

गणपतीच्या दिवसांत मुंबई–गोवा महामार्गावर जड वाहनांना ठरावीक तारखांना बंदी असते. फक्त ट्रिपवर पगार असेल तर ते दिवस बिनपगारी जातात. हे आत्ता लक्षात ठेवा, पुढच्या टप्प्यात लागेल.

## टप्पा ७: पगार ठरवणं

नुसता आकडा ऐकून हो म्हणू नका. समजा दोन मालक रत्नागिरी–वाशी कामासाठी बोलावतात. एक म्हणतो, महिना १८,००० आणि बाहेरच्या प्रत्येक दिवसाला ३०० भत्ता. दुसरा म्हणतो, फेरीला २,२००, महिन्यात बारा फेऱ्या सहज होतात, म्हणजे २६,४००. दहातले आठ जण दुसऱ्याकडे जातात.

आता वहीतले आकडे घाला. जायला-यायला दोन दिवस, वर मार्केटला खाली करायची वाट आणि परतीच्या मालाची वाट. महिन्यात बाहेर गेले २२ दिवस, पण फेऱ्या झाल्या ९. दुसऱ्याकडे हातात आले १९,८००. जेवण-चहा दिवसाला २५० धरला तर ५,५०० गेले, उरले १४,३००. पहिल्याकडे १८,००० अधिक ६,६०० भत्ता, त्यातून तेच ५,५०० वजा, उरले १९,१००. दिवसाला ६५० विरुद्ध जवळपास ८७० रुपये. यातले आकडे तुमच्या कामाप्रमाणे बदलतील, गणित हेच राहील: हातात उरलेले पैसे भागिले घराबाहेर गेलेले दिवस. मागच्या महिन्यात त्या गाडीच्या फेऱ्या खरोखर किती झाल्या हे मालकाला विचारू नका, त्या गाडीच्या आधीच्या ड्रायव्हरला विचारा.

बोलणी करताना खालच्या गोष्टींचं उत्तर घ्या. उत्तर मिळेपर्यंत चावी घेऊ नका.

1. पगार महिन्याचा की फेरीचा, आणि कोणत्या तारखेला? महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळायला हवा.
2. गाडी भरायला किंवा खाली व्हायला थांबली तर हॉल्टिंग (थांबल्याचे पैसे) किती तासांनंतर सुरू आणि किती? मालक समोरच्याकडून हॉल्टिंग घेत असेल तर त्यात ड्रायव्हरचा वाटा काय?
3. टोल, पार्किंग, पंक्चर, हमाली, ताडपत्रीची दोरी कोणाची? ही सगळी मालकाची असावीत आणि त्यासाठी फेरीआधी वेगळी रक्कम मिळावी, तुमच्या भत्त्यातून नाही.
4. दंड कोणाचा? माझं सूत्र: कागदांचा आणि वजनाचा दंड मालकाचा, वेग, मोबाइल, सीटबेल्ट यांचा दंड ड्रायव्हरचा.
5. बंदी, पूर, गाडी कामाला लागली अशा दिवसांचं काय? कोलाडहून कोकण रेल्वेच्या रो-रोवर ट्रक चढवून गोव्यातल्या वेर्णा किंवा कर्नाटकातल्या सुरतकलला गेलात तर ते दिवसही कामाचेच. भत्ता मिळेल का, हे आधी विचारा.
6. भविष्य निर्वाह निधी (पीएफ) आणि ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) आहे का? साधारणपणे २० माणसं असलेल्या ठिकाणी पीएफ आणि १० असलेल्या ठिकाणी ईएसआयसी लागू होतं. दोन्ही नसेल तर ई-श्रमची (असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलची) नोंदणी स्वतः करून घ्या.

बोलायचं कसं, हाही प्रश्न असतो. मी पोरांना हे वाक्य पाठ करायला लावतो: "शेठ, चालवायला मी तयार आहे. आपलं काय ठरलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, तुम्ही फक्त ओके करा." चांगला मालक लगेच करतो. जो "माझ्या शब्दावर विश्वास नाही का" म्हणतो, त्याच्याकडे हिशोबाच्या दिवशीही हेच ऐकायला मिळतं.

कायद्यात कामाचा दिवस ८ तासांचा आहे आणि जास्तीच्या कामाला दुप्पट दर. रस्त्यावर हे कमी पाळलं जातं हे मलाही माहीत आहे. पण वहीत निघायची-पोचायची वेळ असेल तरच तुम्ही त्याच्यावर बोलू शकता. आणि सरकारने ठरवलेल्या किमान वेतनाच्या खाली कोणाशीही बोलणी करायची नाहीत. चालू दर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात मिळतो.

सावधान, तीन गोष्टी: मूळ लायसन्स मालकाकडे ठेवायला देऊ नका. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नका. पगार रोख घेऊ नका, बँकेत किंवा यूपीआयवर घ्या. पासबुकातल्या त्या नोंदीच उद्या तुम्ही तिथे कामाला होता याचा पुरावा.

## टप्पा ८: एक फेरी, भरण्यापासून हिशोबापर्यंत

भरायच्या आधी गाडी रिकामी वजनकाट्यावर, भरल्यावर पुन्हा. दोन्ही पावत्यांचा फोटो. पासिंगपेक्षा जास्त भरलं तर कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो आणि लायसन्स निलंबित होऊ शकतं. चिऱ्याचा अंदाज नगांवरून लावू नका. जांभा सच्छिद्र असतो, भिजला की तेवढेच चिरे बरेच जड होतात. नाही म्हणताना भांडू नका. "काट्यावर बसत नाही, एक थर उतरवा" एवढंच म्हणा आणि पावती दाखवा.

नग मोजून घ्या आणि बिल्टीवर "मोजून भरले" किंवा सील असेल तर सीलचा नंबर लिहून घ्या. बिल्टीवर ड्रायव्हरचं नाव आणि लायसन्स नंबर तुमचाच आहे ना बघा. तो फोटो दोन कामं करतो, मालाचा पुरावा आणि तुमच्या अनुभवाचाही.

रात्रीच्या फेरीला दुपारी झोप काढूनच निघा. पहाटे २ ते ५ मध्ये डोळा लागतो. माणगाव ते पनवेलच्या टापूत ही वेळ आली की चहावर भागवू नका. वीस मिनिटं गाडी बाजूला लावून झोपा. मार्केटला अर्धा तास उशीर झाला तर दलाल ओरडेल, ओरडू दे.

पोचल्यावर माल घेणाऱ्याची सही-शिक्का आणि वेळ बिल्टीवर घ्या. वेळ लिहायला तो टाळाटाळ करतो, कारण त्यावर हॉल्टिंग लागतं. मग आत शिरतानाचा गेटचा फोटो काढा.

हिशोब प्रत्येक फेरीनंतर दोन दिवसांत. महिनाअखेरीवर ढकललेला हिशोब डोक्यातून होतो आणि तुमच्यापेक्षा मालकाचं डोकं त्यात तयार असतं. उचल घेतली तर त्याच मिनिटाला वहीत लिहा आणि महिन्याच्या पगाराच्या चौथाईवर जाऊ देऊ नका. उचल फिटेपर्यंत नोकरी सोडता येत नाही, आणि सोडता येत नाही तोवर पगार वाढवून मागता येत नाही.

## टप्पा ९: अपघात झाला किंवा पैसे अडकले तर

अपघातात जखमीला मदत पोचवणं आणि २४ तासांत पोलिसांना कळवणं ही ड्रायव्हरची कायदेशीर जबाबदारी आहे. ११२ किंवा १०८ लगेच लावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही चालतो. जमाव चिडून अंगावर आला तर जीव वाचवून थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जा, घरी नाही. तिथे स्वतःहून हजर झाल्याची वेळ नोंदवून घ्या.

कामावर असताना तुम्ही जखमी झालात तर भरपाई देणं मालकावर बंधनकारक आहे. तिथे पहिला प्रश्न "हा तुमच्याकडे कामाला होता कशावरून" हाच येतो. पासबुक, बिल्टीचे फोटो, वही, तिन्ही पुढे ठेवा.

पगार अडकला तर आधी मालकाला लिहून मागा: कोणत्या तारखेपासून, किती फेऱ्या, किती रक्कम. आठ दिवस वाट बघा. मग जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज, वहीच्या पानांच्या झेरॉक्ससह. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे. गाडीची चावी अडवून धरणं किंवा माल रस्त्यात सोडणं हे मात्र करू नका. तुमची बाजू खरी असली तरी गुन्हा तुमच्यावर दाखल होतो.

## टप्पा १०: वरच्या गाडीवर जाताना

सहाचाकीवर दोन वर्षं आणि दोन पावसाळे झाले की दहाचाकी, ट्रेलर किंवा टँकर बघा. लोटे, महाड, रसायनी पट्ट्यातल्या रसायनांच्या टँकरला लायसन्सवर धोकादायक मालाची वेगळी नोंद लागते. तिच्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेत ३ दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि ती नोंद ३ वर्षं चालते. अशी नोंद असलेले ड्रायव्हर कमी आहेत, म्हणून बोलणी करताना जोर तुमच्याकडे असतो. नवी गाडी मिळत असेल तर केबिनही बघा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मध्यम आणि जड ट्रकला एसी केबिन सक्तीची आहे.

जुनी नोकरी सोडताना महिन्याची आगाऊ सूचना द्या आणि मालकाच्या लेटरहेडवर अनुभवाचा दाखला घ्या. "चांगला मुलगा आहे" अशा मजकुराचा काही उपयोग नाही. मजकूर तुम्हीच लिहून न्या, असा:

"हे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे सहाचाकी ट्रक, क्रमांक अमुक, यावर ड्रायव्हर म्हणून कामाला होते. मार्ग: रत्नागिरी–वाशी, चिपळूण–कराड. या काळात त्यांच्या हातून अपघात झालेला नाही. त्यांच्याकडे उचल किंवा मालाची तूट बाकी नाही."

शेवटचं वाक्य मालक विसरतात, ते आवर्जून घ्या. नव्या ठिकाणी जुन्या मालकाचा फोन येतो, "त्याच्याकडे माझे दहा हजार आहेत", आणि लागलेली नोकरी जाते. सही-शिक्का झाला की मगच गाडीची चावी, ताडपत्री, जॅक, स्टेपनी मोजून परत द्या आणि मिळाल्याची सही वहीच्या शेवटच्या ओळीवर घ्या.